खणाचें घर



जुन्या घराच्या खांबाशीं तोंड करून, डोळे मिटून, लपंडावाचें राज्य कधीं घेतलें नाहीं असा माणूस माझ्या पिढींत विरळा. तो खांब कशावर उभा आहे, त्याच्या माथ्यावर काय टेकलें आहे आणि शेजारचा खांब त्यापासून नेमका किती हातांवर आहे, याची चौकशी मात्र आपण सहसा केली नाहीं. मीही केली नव्हती. आणि केली तेव्हां ती करावयास थोडा उशीर झाला होता. तें पुढें येईलच.

माझा गांव नेरें. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे निघालें म्हणजे गाढी नदीच्या खोऱ्यांत हा गांव लागतो. कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठीं निघालेल्या 'शांतिवना'मुळें त्याचें नांव आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवर असेल. पाठीशीं माथेरान आणि प्रबळगड, पुढें भाताचीं खाचरें, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत असा पाऊस कीं, चार महिने छत्री हा शरीराचाच एक अवयव होऊन बसतो. अशा प्रदेशांत मातीच्या भिंतीवर छप्पराचा भार टाकणें म्हणजे भिजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मोळी देणें होय. तेव्हां येथील जुन्या सुतारांनीं क्रमच उलटा केला. आधीं छप्पर, मागाहून भिंत. लांकडाचा सांगाडा उभा करावयाचा, त्यावर कौलें चढवावयाचीं, आणि मग त्या छायेखालीं बसून भिंती सावकाश भरावयाच्या. या सांगाड्याच्या घरालाच आमच्याकडे खणाचें घर म्हणतात.

'खण' हा शब्द आपल्या बायकांना चोळीमुळें ठाऊक आहे आणि पुरुषांना मेजाच्या खणामुळें. घराचा खण म्हणजे दोन खांबांच्या, किंवा त्यांवरील दोन तुळयांच्या, मधली जागा. ही जागा साधारणपणें पांच-सहा फुटांची असे. याहून रुंद केली तर वरच्या कड्या वांकतात, आणि अरुंद केली तर लांकूड फुकट जातें. सुताराच्या अनुभवानें ठरलेलें हें अंतर मग घराचें मापच होऊन बसलें. घर किती फूट लांब आहे असें जुना माणूस कधीं विचारीत नसे. किती खणांचें, असें विचारी. तीनखणी, पांचखणी, सातखणी अशीं घरें असत. संख्या विषम ठेवण्याकडे ओढा असे, आणि सम संख्या अशुभ असें त्याचें कारण सांगत. अशुभाचें मला कळत नाहीं. परंतु चार खण घेतले तर दर्शनी भागाच्या बरोबर मध्यावर खांब येतो आणि दरवाजास जागा उरत नाहीं, एवढें गणित चौथीच्या मुलालाही उमगतें. पुष्कळशा शुभाशुभाच्या मागें असा एखादा सुतार उभा असतो, असें मला वाटूं लागलें आहे.

आतां हें घर उभें कसें राहतें तें पाहूं. प्रथम काळ्या दगडाचें जोतें. जोत्यावर, खांब येणार तेथें तेथें, एकेक घडीव दगड बसवीत. त्याला तळखडा म्हणतात. खांब जमिनींत पुरावयाचा नाहीं, हें या बांधकामाचें पहिलें सूत्र. पुरलेला खांब खालून ओल ओढतो, आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. तळखड्यावर ठेवलेल्या खांबाचा पाय कोरडा राहतो आणि दोनशें वर्षें तग धरतो. खांबाच्या माथ्याला चौकोनी जीभ कोरलेली असते; तिला कुसूं म्हणतात. हें कुसूं वरच्या तुळईच्या पोटांतील भोंकांत जाऊन बसतें. तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर, आणि झाला माळा. त्याच्या वर आढें, आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वांसे, वांशांवर रिपा आणि रिपांवर कौलें. या सबंध रचनेंत लोखंडाचा खिळा जवळजवळ नसतो. लांकूड लांकडाला धरून ठेवतें, आणि वरचें वजन सांध्यांना अधिकच घट्ट दाबून बसवितें.

भिंत या व्यवहारांत पाहुणी असते. ती वारा अडविते, चोर अडविते, कोनाडे आणि खुंट्या सांभाळते. परंतु घर तिच्यावर उभें नसतें. भिंत पडली तरी घर राहतें, ही आमच्याकडील म्हातारीं माणसें सहज बोलून जात ती गोष्ट अक्षरशः खरी आहे. तिची कसोटी फार दूर, आणि फार क्रूर रीतीनें लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील (उस्मानाबादला आतां आपण धाराशिव म्हणतों) दगडमातीच्या रुंद भिंती कोसळून हजारों माणसें त्यांखालीं गेलीं. ज्या घरांत धाब्याचें ओझें लांकडी खांबांनीं पेललें होतें, अशा कांहीं घरांत भिंती बाहेर ढासळल्या तरी छत जागच्या जागीं राहिलें, असें पुढें पाहणी करणाऱ्या अभियंत्यांस आढळलें. आमच्याकडची रचना आणि तिकडची रचना एक नव्हे. आमच्याकडे उतरतें कौलारू पाखें, तिकडे सपाट मातीचें धाबें. परंतु खण हा शब्द दोन्हीकडे आहे.

हें सर्व मी निवृत्त होईपर्यंत वेगवेगळ्या तुकड्यांत ऐकलें होतें. त्याची एकत्र संगति मला प्रथम लागली ती, सांगावयास संकोच वाटतो, एका इंग्रजी शेतकऱ्याच्या घराचें वर्णन वाचतांना. इंग्लंडच्या केंट परगण्यांत चिडिंगस्टन या खेड्याजवळ 'बे-लीफ' नांवाचें एक शेतघर होतें. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बांधलेलें, आणि सोळाव्याच्या आरंभीं वाढविलेलें. म्हणजे आपल्याकडे बहामनी सुलतानांचें राज्य असतांना जे ओकचे खांब उभे केले, ते अजून उभे आहेत. १९६० नंतरच्या दशकांत त्या खोऱ्यांत पाणीपुरवठ्यासाठीं जलाशय करावयाचा ठरला आणि घर जाणार असें दिसूं लागलें. तेव्हां तें सांधा सांधा सोडवून उतरविण्यांत आलें, आणि ससेक्समधील सिंगल्टन येथें, जुन्या घरांच्या एका उघड्या संग्रहालयांत, पुन्हा जुळवून उभें केलें. राजवाडा नव्हे, चर्च नव्हे. कणगी आणि गुरें बाळगणाऱ्या एका बऱ्यापैकीं कुळाचें घर!

त्या घराचें वर्णन वाचतां वाचतां मला आमचेंच घर दिसूं लागलें. तेथेंही सांगाडा आधीं, भिंत मागाहून. तेथेंही कुसूं आणि भोंक, आणि सांधा अडकविण्यास लांकडाचीच खुंटी. भिंतींत ओकच्या काठ्या उभ्या करून त्यांत बारीक फांद्या विणलेल्या, आणि त्यांवर माती, शेण व गवत यांचा लेप. आणि घराचें माप? 'बे'! दोन सांगाड्यांमधील जागेला ते लोक 'बे' म्हणतात, आणि त्यांच्या जुन्या मोजणीच्या कागदांत घर अमुक 'बे'चें असेंच लिहिलेलें सांपडतें. म्हणजे केंटचा शेतकरी आणि नेऱ्याचा शेतकरी, एकमेकांचें नांवही न ऐकतां, आपापलीं घरें एकाच मापानें मोजीत होते. यांत कोणीं कोणाचें उचलण्याचा प्रश्न नाहीं. लांकडाचा स्वभाव सर्वत्र सारखा, आणि त्याच्याशीं प्रामाणिकपणें वागणारा सुतार कोठेंही गेला तरी त्याच वाटेनें जातो.

फरक आहेत, आणि तेही मौजेचे आहेत. त्यांचा सुतार ओक ओला असतांनाच कापी. घर उभें राहिल्यावर लांकूड वाळे, पिळवटे आणि सांधे आवळले जात. म्हणून त्या घरांचे खांब किंचित् वांकडे दिसतात आणि पाहणाऱ्याला त्यांत मौज वाटते. आमचा सुतार लांकूड आधीं वाळवी आणि मगच हात लावी. तोड पावसाळा सरल्यावर, तीही कृष्णपक्षांत करावी, असा दंडक होता. दुसरा फरक धुराचा. बे-लीफच्या मोठ्या दालनाला धुराडें नाहीं. मधोमध जमिनीवर जाळ, आणि धूर वर जाऊन छपरांतून वाट काढणार. आपल्याही स्वयंपाकघरांतला धूर कौलांच्या फटींतूनच बाहेर जाई. हा फरक झाला कीं साम्य, असें आपण विचाराल. साम्यच, पण त्यांच्या घरांत पुढें धुराडें आलें आणि चूल भिंतीला लागली, आमच्या घरांत ती सत्तर-ऐंशीं वर्षांपूर्वींपर्यंत तशीच राहिली. त्या धुरानें घरांतल्या बायकांचे डोळे गेले, हें विसरतां येत नाहीं. लांकडावर मात्र काजळीचा असा थर बसला कीं, किडा त्याच्या वाटेला जात नसे. आमच्या माजघराचे वांसे काळेभोर आणि शिसवासारखे टणक झाले होते, आणि ते धुराखालीं नसलेल्या पडवीच्या वांशांपेक्षां दुप्पट टिकले. त्या टिकाऊपणाची किंमत कोणीं दिली, हें आजीच्या डोळ्यांकडे पाहून मला लहानपणींच समजावयास हवें होतें.

विणलेल्या भिंतीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. ती पाहण्यास केंटला जाण्याचें कारण नाहीं. माथेरानच्या उतारावरील ठाकूरवाड्यांत आणि कातकरीवाड्यांत कारवीचा कूड अजूनही दृष्टीस पडतो. कारवी हें डोंगरउतारावर दाट वाढणारें झुडूप. सात-आठ वर्षें नुसतें वाढतें, मग एका सालीं सबंध डोंगर निळा-जांभळा करून फुलतें आणि वाळून जातें. २०१६ सालीं तें फुललें होतें, त्यानंतर २०२४ सालीं. त्याच्या सरळ काठ्या उभ्या बांधून, दोन्ही अंगांनीं शेणमाती लिंपली कीं भिंत तयार होते. खांबही घडीव नसतात. झाडाची नैसर्गिक बेचकी ठेवून तोडलेली मेढ उभी करतात, आणि बेचक्यांत आडवें लांकूड ठेवतात. येथें कुसूं नाहीं, भोंक नाहीं, आणि सुतारही नाहीं. मला वाटतें, खणाच्या घराचा पूर्वज शोधावयाचा असेल तर तो पेशव्यांच्या वाड्यांत न शोधतां या मेढीपाशीं शोधावा. बेचकींत ठेवलेलें लांकूड हाच पहिला सांधा.

लांकूड आमच्याकडे मुबलक होतें. साग, ऐन, खैर, किंजळ हीं झाडें डोंगराच्या पायथ्यापासूनच सुरू होत. खांबाला साग किंवा खैर, तुळईला ऐन वा किंजळ, अशी विभागणी असे. सुतारही नामांकित होते. मुंबईहून होडीनें पनवेलला उतरावें आणि पुढें घाट चढावा, हा देशावर जाण्याचा मोठा रस्ता. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला आणि पनवेलच्या गाड्यांच्या चाकांचें नांव देशावर झालें. चाकाचा आरा तुंब्यांत बसविणारा हात आणि खांबाचें कुसूं तुळईंत बसविणारा हात एकच होता. पुढें १८६३ सालीं आगगाडी दुसऱ्या वाटेनें घाट चढली, पनवेलचा व्यापार ओसरला आणि त्या हातांना काम कमी पडलें.

जंगलाचीही कथा याच शतकांतली. साग हें झाड नुसतें घरांचें नव्हतें, आरमाराचेंही होतें. मुंबईच्या गोदींत वाडिया मंडळींनीं मलबारी सागाचीं जहाजें बांधलीं. त्यांतलें 'त्रिंकोमाली' हें १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें लढाऊ जहाज आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. इंग्रजांना सागाची किंमत अशी हातानें मोजून कळलेली होती. १८७८ सालीं वनांचा कायदा झाला आणि डोंगरावरचें लांकूड सरकारचें झालें. शेतकऱ्याला भाताच्या रोपवाटिकेंत राब भाजण्यास डहाळ्या हव्यात, घराला वांसे हवेत. आणि जंगलाची हद्द तर त्याच्या बांधाला येऊन टेकलेली. ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत इतकी ओरड झाली कीं, मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ सालीं आला. आमचा पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाण्यांत आणि त्यानंतर कुलाब्यांत. तेव्हां कोणत्याही बाजूनें पाहिलें तरी आम्ही त्या तक्रारींतून सुटत नाहीं. आमच्या गांवांतलीं त्यापूर्वींचीं म्हणून सांगितलीं जाणारीं घरें आणि त्यानंतरचीं घरें शेजारीं ठेवून पाहिलीं तर खांब बारीक झालेला दिसतो. पूर्वीं दोन्ही हातांच्या ओंजळींत न मावणारा, नंतर एका हाताच्या पंजांत जवळजवळ येणारा. कायद्याचें कलम असें खांबाच्या जाडींत वाचतां येतें.

पुढें कौलही बदललें. गांवच्या कुंभाराचीं नळीचीं कौलें वानरांनीं आणि वाऱ्यानें हालत, म्हणून दरसाल मृगापूर्वीं तीं परतावीं लागत. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचा कारखाना काढला आणि कालांतरानें तीं कौलें सबंध कोंकणभर पसरलीं. रिपा विरळ चालूं लागल्या, लांकूड वांचलें, आणि कुंभाराचें एक काम गेलें.

लांकडी घराचा मोठा शत्रु वाळवी नव्हे, अग्नि. पुण्याचा शनिवारवाडा हें याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण. १० जानेवारी १७३० रोजीं पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत. आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत लांकडाचे सर्व मजले भस्मसात् झाले. आज आपण तेथें सहलीला जातों तेव्हां जें पाहतों तें बहुतांशीं जोतें. पुढच्या खेपेस गेलांत तर जोत्यावरचे तळखडे मोजा. त्यांच्या रांगांवरून खण लागतात, खणांवरून दालनें लागतात, आणि नाहींसा झालेला वाडा मनांत उभा करतां येतो. मार्गदर्शक मंडळी नारायणरावांच्या किंकाळ्या ऐकवितात. तळखड्यांकडे कोणी बोट दाखवीत नाहीं.

आमच्या तालुक्यांतल्या शिरढोणच्या वाड्याचा धागाही अशाच एका आगीला जाऊन मिळतो. कर्नाळ्याचे किल्लेदार अनंतराव फडके यांच्या घराण्याचा हा वाडा. ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंतांचा जन्म याच ठिकाणीं झाला. मे १८७९ मध्यें त्यांच्या मंडळींनीं पनवेलनजीकचें पळस्पें लुटलें, आणि त्याच आठवड्यांत पुण्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा पेटले. संशय अर्थातच बंडवाल्यांवर गेला. चौकशीअंतीं त्या बंडाशीं संबंध नसलेल्या माणसाचें तें कृत्य ठरलें, परंतु तोंवर बुधवारवाडा गेला तो गेलाच. शिरढोणचा वाडा मात्र मोडकळीस येऊनही राहिला, आणि आज तो स्मारक म्हणून जतन केलेला आहे. त्याचें कारण वासुदेव बळवंत होत, सुतार नव्हे. तें योग्यच आहे. पण ज्या घरांत कोणी वासुदेव बळवंत जन्मला नाहीं, त्या घरांनीं काय करावें?

आपल्या इतिहासकारांविषयीं मला नितांत आदर आहे. त्यांनीं दप्तरें तपासलीं, शकावल्या लावल्या, किल्ल्यांच्या दगडान् दगडाची विचारपूस केली. परंतु ज्या कुळानें त्या किल्ल्याच्या शिबंदीला भात पुरविलें, त्याच्या पांचखणी घराची मोजणी कोणीं केली? तो लिहूं शकत नव्हता. त्याचें घर हेंच त्याचें लिखाण. इंग्रजांनीं आपल्या शेतकऱ्यांच्या घरांचीं चित्रें, नकाशे आणि वर्षें टिपून ग्रंथांच्या रांगा लावल्या. आपल्याकडे वाड्यांवर थोडें लिहिलें गेलें, घरांवर फारच थोडें.

आतां उशिराची गोष्ट. मीं आयुष्यभर प्राथमिक शाळेंत गणित शिकविलें. क्षेत्रफळाचा धडा आला कीं, मी मुलांना सुंभ घेऊन माझ्याच घरीं नेत असें. तीं पडवी मोजीत, ओटी मोजीत, खण मोजीत. तें घर २००९ सालीं आम्हां तिघां भावांनीं मिळून विकलें. जमीन नव्हे, नुसतें लांकूड. छप्पर गळत होतें, दोघे भाऊ मुंबईस, दुरुस्तीचा आंकडा पाहून तिघांचेही चेहरे उतरले. जुनें लांकूड घेणारा एक व्यापारी आला. त्यानें पटाशीनें एका खांबाचा कपचा काढून पाहिला, वास घेतला, आणि घनफुटावर भाव केला. भाव चांगला होता. मीही होकार दिला. कोणीं माझ्यावर जबरदस्ती केली नाहीं.

घर उतरवावयास चार दिवस लागले. मी समोर खुर्ची टाकून बसलों होतों. तुळई उचलली गेली आणि खांबांचीं कुसवें उघडीं पडलीं, तेव्हां त्यांवर पटाशीच्या टोकानें कोरलेल्या रेघा दिसल्या. एका खांबावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन; मागच्या रांगेंत प्रत्येक रेघांच्या पुढें एक टिंब. तुळईच्या भोंकांशेजारींही त्याच खुणा. म्हणजे सबंध घर सुतारानें आधीं जमिनीवर आडवें जुळविलें होतें, क्रमांक घातले होते, आणि मग उभें केलें होतें. बे-लीफच्या खांबांवर याच कामासाठीं रोमन आंकडे आहेत, हें मला नंतर कळलें. ज्या घरांत मीं मुलांना गणित शिकविलें, त्याच्या सांध्यांत गणित लपलेलें होतें, आणि तें मला दिसलें तें घर मोडतांना!

मागच्या रांगेंतल्या एका तुळईला कांहीं भोंकें अशीं होतीं कीं, त्यांत कांहींच बसत नव्हतें. आणि एका खांबावरच्या खुणा इतरांशीं जुळत नव्हत्या. तीं लांकडें आमच्या घराहूनही जुन्या अशा दुसऱ्या एखाद्या घरांतून आलेलीं होतीं. तेव्हां मला क्षणभर बरें वाटलें. लांकूड विकणें हा कांहीं नवा अपराध नव्हे. तें घरांतून घरांत पूर्वींपासून फिरत आलें आहे. पण पूर्वीं खांबाचा खांबच होई. आमच्या खांबांचीं मेजें झालीं असावींत.

दुसरी एक गोष्ट मला त्याहूनही उशिरा समजली. उष्ण प्रदेशांतल्या फार थोड्या झाडांच्या खोडांत वर्षावर्षाचीं वर्तुळें स्पष्ट उमटतात, साग त्यांतलाच. उन्हाळ्यांत तो पानें टाकतो, पावसाबरोबर पुन्हा वाढतो, आणि त्या वाढीचें एक कडें खोडांत राहतें. चांगल्या पावसाचें कडें रुंद, दुष्काळाचें अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं ठाणें जिल्ह्यांतील सागांच्या अशा वर्तुळांवरून जुन्या हवामानाचा अभ्यास केलेला आहे. इंग्लंडांत याच रीतीनें, तुळईचा पेन्सिलीएवढा गाभा काढून, झाड कोणत्या सालीं तोडलें तें ठरवितात. बे-लीफचें वय असेंच ठरलें. आमच्या खांबांत कोणत्या सालचे पाऊस होते, कोण जाणे. घनफुटांत त्यांचा हिशेब नव्हता.

सांगाड्याच्या घराची एक खुबी अशी कीं, तें जसें विकतां येतें तसेंच हलवितांही येतें. मद्रासेजवळ मुट्टुकाडु येथें 'दक्षिणचित्र' हें संग्रहालय १९९६ सालीं सुरू झालें. दक्षिणेंतील निरनिराळ्या प्रांतांचीं जुनीं घरें उतरवून तेथें पुन्हा उभीं केलेलीं आहेत. मणिपालास विजयनाथ शेणै या बँकेंत नोकरी करणाऱ्या गृहस्थांनीं हेंच काम ध्यास घेऊन केलें. यांना सिंहासन नव्हतें कीं जहागीर नव्हती. महाराष्ट्रांत निदान एका जिल्ह्यानें एक पांचखणी घर असें उचलून ठेवावयास काय हरकत आहे? सर्वच घरें राखावींत असें मी म्हणत नाहीं. ज्याचें छप्पर गळतें त्याला इतिहास सांगत बसणें हा क्रूरपणा आहे, आणि सिमेंटच्या घरांत राहणारी माझी सून धुराखालीं डोळे चोळीत नाहीं, याचा मला आनंदच आहे.

परंतु मोजावयास काय लागतें? २०१३ सालीं नव्या विमानतळाच्या प्रभावाखालीं येणाऱ्या प्रदेशाची आंखणी शासनानें सिडकोकडे सोंपविली आणि पनवेल तालुक्यांतलीं पुष्कळ खेडीं त्या नकाशांत आलीं. विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. जमिनीचे भाव गगनाला भिडले, आणि जुनें घर हें जागा अडवून बसलेलें ओझें ठरलें. माझे दोन जुने विद्यार्थी, एक वीजतंत्री आणि एक शेतकरी, सुटीच्या दिवशीं माझ्याबरोबर येतात. आमच्यापाशीं एक फीत, एक विजेरी आणि एक वही एवढीच सामग्री. घर किती खणांचें, खण किती फुटांचा, खांब कोणत्या झाडाचा, तळखडा कसा घडविलेला, भिंत विटांची कीं कुडाची, कुसवांवर खुणा आहेत काय, आणि एखादें रिकामें भोंक सांपडतें काय, एवढें टिपावयाचें. घरमालकांना प्रथम वाटतें कीं आम्ही सरकारी मोजणीदार आहोंत. एका म्हातारीनें तर दारांतच अडविलें आणि, "मास्तर, मोजून कोणाला देणार?" असा रोकडा सवाल केला. कोणालाही नाहीं, असें सांगितल्यावर तिनें आंत घेतलें आणि माळ्यावर चढावयास स्वतःच शिडी धरली. तिच्या घरीं खुणा आहेत. रेघा नव्हेत, चंद्रकोरी आहेत. सुतार निराळा असला पाहिजे.

वहींत आजवर अकरा घरें उतरलीं आहेत. त्यांपैकीं चार पुढील दोन पावसाळ्यांत गेलीं. पावसानें उघडीप दिली कीं आम्ही धोदाणीच्या बाजूला जाणार आहोंत. आपणांपैकीं ज्यांच्याकडे घराचें जुनें खरेदीखत किंवा वांटणीपत्र असेल त्यांनीं तें एकदां काढून पाहावें. त्यांत चतुःसीमेच्या आधीं घराचें वर्णन असतें, आणि बहुधा त्या वर्णनांत खणांचा आंकडा असतो. घर उभें असेल तर तो आंकडा जागेवर जाऊन ताडून पाहावा, आणि जुळला नाहीं तर कोणता खण मागाहून वाढविला तें खांबांच्या माथ्यावर शोधावें.